कणीएवढा दिवा

निपाणी
१४ जुलै २०२५

प्रणिता पोरी,

जयजिनेंद्र. पत्र बघून दचकू नको, इथं कुणाला काय झालेलं न्हाई. या चातुर्मासात मी मोबाईलचा त्याग केलाय. दरवर्षी गूळ सोडायची. त्यात कसला आलाय त्याग, गूळ मला आवडतच न्हाई. औंदा म्हणलं, जे सोडताना जीव कासावीस होतोय तेच सोडावं. रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलायची सवय लई वाईट लागली होती. तवा आता दिवाळीपर्यंत पत्रं. तुझा बाप बाळगोंडा हसला. म्हणाला, "आक्का, पोस्टात अजून माणसं बसत्यात का तेवढं बघून ये."

आता कामाचं. आपल्या बस्तीच्या देवळात महाराज चातुर्मासाला थांबलेत. त्यांच्या आहारासाठी घरात चौका लावायचा, म्हणजे विहिरीचं पाणी गाळून उकळायचं, पीठ जात्यावर दळायचं, सोवळ्यात रांधायचं, आणि महाराज दारात आले की ओंजळीत घास द्यायचा. किती वर्षं हे मनात हाय तुला ठाऊक हाय. तुझी आई गेली तवा तू तीन वर्षांची. तुला वाढवण्यात माझं आयुष्य गेलं, त्याचं मला जरासुदिक वाईट वाटत न्हाई. पण ही एक गोष्ट तेवढी ऱ्हायलीया.

दारात उभं राहून म्हणावं लागतंय, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध हाय. तोंडानं म्हणायला काय, कुणीबी म्हणतंय. पण महाराजांनी चौकेवाल्या घरांना इचारलं, घरात कुणाचं जीव मारायचं काम न्हाई ना. शेजारच्या अंबुबाईनं लगीच तोंड उघडलं, "कांताक्का, तुमची प्रणिता बेंगळूरला उंदरांवर कायतरी करती न्हवं?" मी म्हणलं, इचारून सांगते. मला खरंच माहीत न्हाई. पाच वर्षं तू 'मेंदूचं काम' म्हणतीस आणि मी हूं म्हणते.

तर एवढंच कळव. तुझ्या कामात उंदीर मरत्यात का? व्हय असलं तर व्हय लिही. मी चौका लावत न्हाई, बास. न्हाई असलं तर न्हाई लिही. तुझ्या शब्दावर मी दारात उभी ऱ्हाणार हाय.

एक गंमत. अंबुबाई म्हणती, कांताक्काचा उजवा हात बसल्या जागी जप करतोय. खरंच करतोय गं. माळ हातात नसली तरी अंगठा बोटावर आपोआप फिरत ऱ्हातोय. इतकी वर्षं माळ ओढली, हाताला वळण पडलं असंल. चार बायांत ऐकून जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुझी आत्ती, कांता

*

बेंगळूरू
२१ जुलै २०२५

आत्ती,

जयजिनेंद्र. हातानं लिहिलेलं पाकीट लॅबवर आलं तर गेटवरच्या माणसानं माझी दोनदा सही घेतली. त्याला वाटलं कोर्टाची नोटीस.

आणि अक्षर किती बारीक काढलंयस. ओळ सुरू होते ती सरळ, आणि पुढं जाता जाता मुंग्या. निपाणीत कागद महाग झाला का? वाचताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मायेनं नव्हे.

मी काय करते ते सांगते. आपण हात उचलतो तेव्हा आधी मेंदूतल्या काही पेशी कामाला लागतात. कुठल्या पेशीमुळं काय होतं, हे शोधायचं तर एकेकीला हाक मारता आली पाहिजे. विजेनं हाक मारली तर शेजारपाजारच्या सगळ्याच उठतात. म्हणून आम्ही शेवाळातला एक गुण घेतो. तळ्यातल्या एका शेवाळाला उजेड कळतो, उजेडाकडं ते पोहत जातं. तो गुण उंदराच्या मेंदूतल्या हव्या त्याच पेशींत पोचवायचा. मग तिथं तांदळाच्या कणीएवढा दिवा बसवायचा. दिवा लागला की त्याच पेशी जाग्या होतात, बाकीच्यांना पत्ता नाही. आणि त्या पेशींना चमकायचा गुणही दिलेला असतो, म्हणून पेशी जागी झाली की मंद चमकते. ती चमक दुसरा तेवढाच बारीक डोळा टिपतो आणि वायरीशिवाय आमच्याकडं पाठवतो. म्हणजे सांगणंही उजेडानं आणि ऐकणंही उजेडानं.

माझे उंदीर चालणं विसरलेले असतात. कोपऱ्यात थिजून बसतात. दिवा लावला की उठतात आणि पिंजराभर फिरतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. उंदीर मरत नाहीत. म्हातारे होतात आणि आपल्या मरणानं जातात. तू खुशाल चौका लाव.

प्रणिता

*

निपाणी
६ ऑगस्ट २०२५

प्रणिता,

माझं सोनं गं ते. तुझं पत्र मी वाचलं, वर ऐकायला म्हणून बाळगोंडाकडनं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी तो कावला आणि म्हणाला, "आता पाठ झालंय, डोळं मिटून म्हणतो."

काल आपला चौका झाला. पहाटे विहिरीवर गेले, ओल्या लुगड्यानं पाणी आणलं. मुगाची डाळ, ज्वारीची भाकरी, दूध, केळी. महाराज चार दारं सोडून आपल्या दारात थांबले. मी म्हणलं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. ओंजळीत घास ठेवताना वाटलं, आता उद्या डोळं मिटलं तरी चालतंय.

संध्याकाळी सभेत महाराजांनी चौकेवाल्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कधी उभी राहून बोलले न्हाई, पण काल बोलले. म्हणलं, माझी भाची शिकल्याली हाय, ती उंदराच्या डोस्क्यात कणीएवढा दिवा लावून थिजलेला जीव चालता करती, आणि एकबी जीव मारत न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंबुबाईचं तोंड बघण्यासारखं झालतं. ते बघितलं म्हणून मला पाप लागलं असंल तर लागू दे.

बारीक अक्षराचं म्हणशील तर आता वय झालं. मी मोठं काढायला जाते, हात आपला आखडतं घेतोय. तुला वाचायचं तर चष्मा लाव.

दशलक्षण पर्वात तिसऱ्या दिवशी परत आपली पाळी हाय. येतीस का?

आत्ती

*

बेंगळूरू
१७ ऑगस्ट २०२५
(हे लिहिलं, पण पेटीत टाकलं नाही.)

आत्ती,

मी तुला खोटं लिहिलं. उंदीर मरतात. मीच मारते.

प्रयोग संपला की दिवा नेमका हव्या त्या जागी बसला होता की नाही, हे बघावंच लागतं. जिवंतपणी ते नक्की कळत नाही. भूल द्यायची, शरीरातलं रक्त काढून त्या जागी औषधी पाणी सोडायचं, मेंदू काढायचा, त्याच्या कागदाहून पातळ चकत्या करायच्या. दिवा केसभर जरी चुकला असला तरी सगळी मेहनत वाया. पाच वर्षांत एकशे त्र्याऐंशी. वहीत प्रत्येकाचा नंबर आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा 'व्हय' लिहायला घेतलं होतं. मग तू चौका लावणार नाहीस हे आठवलं आणि हात फिरला. मला वाटलं, एक शब्द आहे, कुणाचं काय बिघडतंय. तू सभेत उभी राहून सांगशील हे माझ्या डोक्यात नव्हतं.

*

बेंगळूरू
१७ ऑगस्ट २०२५

आत्ती,

चौका झाला हे वाचून बरं वाटलं. सभेत माझ्याबद्दल सांगायला नको होतंस. लोकांना अर्धंच कळतं.

पर्वात येता येणार नाही, प्रयोग मध्यावर आहे. आप्पाला सांग, माझ्या खोलीतला पंखा विकू नये.

प्रणिता

*

निपाणी
३१ ऑगस्ट २०२५

प्रणिता,

काल अंतराय झाला. माझ्या हातनं.

सगळं नीट चाललं होतं. महाराज उभे राहिले, ओंजळ पुढं केली. मी दुधाचा तांब्या घेऊन पुढं जायला गेले आणि पायच उचलंना. जमिनीला चिकटल्यागत झालं. मागनं अंबुबाई म्हणती, "कांताक्का, चला." मी मनात म्हणते चल, चल, आणि पाय ऐकंनात. मग एकदम सुटले ते पुढं कोलमडले. तांब्या खाली पडला. तुला ठाऊकच हाय, देणाऱ्याच्या हातातनं भांडं पडलं की महाराज तिथंच ओंजळ सोडत्यात. पाण्याचा थेंब न घेता गेले. आता आज त्यांच्या पोटात काही जाईल तवा जाईल. पंच्याहत्तर वर्षांचा जीव, भादव्याच्या उन्हात, माझ्यापायी चोवीस तास उपाशी.

बायांनी फरशी पुसून घेतली. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

रात्रभर मी मोजत बसले. पाणी शुद्ध होतं. धान्य मी निवडलं. लुगडं ओलं होतं. काया शुद्ध. मग मन आन् वचन एवढंच ऱ्हातंय. मनात अंबुबाईबद्दल आलं होतं, ते मी तिच्या पाया पडून सांगितलं. आता ऱ्हातंय वचन. मी सभेत जे बोलले ते तुझ्या शब्दावर बोलले. तू मला लिहिलंस ते खरंच हाय न्हवं पोरी? मी तुझ्यावर संशय घेत न्हाई. पण दुसरं काही सापडंना म्हणून इचारते.

मी दिवाळीपर्यंत एका आड एक उपवास धरलाय. बाळगोंडा डॉक्टरकडं चल म्हणतोय, कालपासनं पाठ सोडंना. त्याला सांगितलं, केलेल्या कर्माला डॉक्टर काय करणार. हाताचा जपबी आता थांबवला तरी थांबत न्हाई. आधी मला त्यात मोठेपणा वाटला, त्याचंच हे असंल.

आत्ती

*

बेंगळूरू
४ सप्टेंबर २०२५

आत्ती,

हे पत्र मी स्पीड पोस्टानं टाकते आहे, आणि आप्पाला फोनवर सांगितलंय की तू वाचून होईपर्यंत शेजारी बसायचं.

तुझी तिन्ही पत्रं टेबलावर पसरून बसले आहे. अंगठा बोटावर फिरतो. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होतं. पाय जमिनीला चिकटतात आणि मग एकदम सुटतात. आत्ती, हा जप नव्हे, हा कंपवात आहे. पाच वर्षं मी दुसरं काही बघितलेलं नाही. आणि तुझ्या पत्रात ते समोर आलं तर मी तुला कागद महाग झाला का म्हणून चिडवलं. माझी मलाच लाज वाटते.

आपल्या मेंदूत एक मूठभर पेशी असतात, त्या हालचालीला लागणारा रस तयार करतात. त्या हळूहळू मरतात. कुणाच्या का मरतात ते अजून कुणालाही ठाऊक नाही. त्याचा शुद्धीशी संबंध नाही. पंच्याहत्तर वर्षांच्या महाराजांनाही होऊ शकतो आणि खाटकालाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी तुला लिहिलं ते खरं आहे. माझ्या कामात जीव मरत नाहीत. तुझी वचनशुद्धी खोटी नव्हती. म्हणजे हे कशाचं फळ नाही, रोग आहे, आणि त्यावर गोळी आहे. ती माझ्या दिव्याची नव्हे, दिवा अजून माणसापर्यंत आलेलाच नाही. गोळी जुनी आहे आणि चांगली आहे.

उपवास सोड. पोटात अन्न नाही आणि पाय अडकतात, मग तू विहिरीवर पडशील. बुधवारी आप्पा तुला बेळगावला नेईल, नंबर लावून ठेवलाय. तू गेली नाहीस तर मी प्रयोग टाकून येईन.

प्रणिता

*

निपाणी
२४ सप्टेंबर २०२५

प्रणिता,

गेले होते. काकतीच्या पुढं रस्त्याचं काम होतं म्हणून उशीर झाला, तरी नंबर मिळाला. डॉक्टर पोरगा चांगला हाय. कानडीत बोलला, मधनं मराठीत. चालायला लावलं, चिमटी मारायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. मग म्हणाला, आज्जी, कंपवात हाय. तू म्हणालीस तेच.

गोळी चालू केली. बाराव्या दिवशी उंबऱ्यावर पाय अडला न्हाई. हात मांडीवर गप पडून ऱ्हायला. बाळगोंडा दिवसभर माझ्या हाताकडंच बघत होता, येडा.

पण मला तुला दुसरं सांगायचंय. दवाखान्यात गेले त्याच दिवशी, निघता निघता, मी त्या डॉक्टरला मोठ्या ऐटीत सांगितलं, माझी भाची ह्याच रोगावर काम करती, उंदराच्या मेंदूत दिवा बसवती. तो खुर्चीतनं उठला. म्हणाला, "लई चिकाटीचं काम हाय आज्जी. एकेक मेंदू काढून त्याच्या चकत्या करून तपासायच्या म्हणजे चेष्टा न्हाई." तुझं कौतुक करत होता तो. मी इचारलं, मेंदू काढल्यावर उंदीर कसा जगतो? त्यानं बाळगोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, आज्जी, सगळी औषधं आधी जनावरांवरच करावी लागत्यात, ही तुमची गोळीबी.

बारा दिवस गोळी खाल्ली, कारण बाळगोंडाला वचन दिलतं. परवापासनं बंद केली. पाकीट फळीवर हाय. हात पुन्हा सुरू झालाय, हे पत्र दोन दिवस लिहिती हाय.

गोळीचा राग न्हाई. पहिल्यांदा तू खोटं लिहिलंस ते माझ्या चौक्यासाठी, हे मला कळतंय. माया करणारं माणूस असं बोलतंय. पण दुसऱ्यांदा? मी हात जोडून इचारलं होतं. तू माझी वचनशुद्धी खरी होती असं लिहिलंस. ती तुझ्याच हातात होती, आणि ती खोटी हाय हे तुला लिहितानाच ठाऊक होतं.

गाडीभाडं काढून इथं येऊ नको. समोर आलीस तर मी तुला जेवायला वाढीन, डोक्यावरनं हात फिरवीन आणि सगळं मुरून जाईल. मला ते नको हाय. काय असंल ते लिही.

कांता

*

बेंगळूरू
२८ सप्टेंबर २०२५

आत्ती,

आधी गोळी. अशी मध्येच बंद करायची नसते. अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, माणूस जातंसुद्धा. माझ्यावरचा राग गोळीवर काढू नकोस.

सोबत सतरा ऑगस्टचं पत्र आहे. तेव्हा लिहिलं आणि टाकलं नाही. त्यात आकडा आहे. आज तो एकशे एक्क्याण्णव आहे.

त्या पत्रातही एक गोष्ट लपवलेली आहे. तुला मी लिहिलं होतं की माझे उंदीर चालणं विसरलेले असतात. ते आपणहून विसरत नाहीत. उंदरांना कंपवात होत नाही. सुईनं मेंदूत औषध सोडून त्या मूठभर पेशी आम्ही मारतो. मी मारते. तुझ्या हाताला जे झालंय ते मी पाच वर्षं, दर महिन्याला, निरोगी जनावराला करत आलेय. त्यानंतर दिवा लावून त्याला चालवते आणि टाळ्या घेते.

दुसऱ्यांदा खोटं का लिहिलं ते सांगते. तुझं अंतरायाचं पत्र वाचलं आणि मला दिसलं, खरं लिहिलं तर तू म्हणशील, बघा, म्हणूनच तांब्या पडला. उपवास वाढवशील आणि डॉक्टरचं दारही बघणार नाहीस. मी खरं बोलले असते तर तुझी चूक पक्की झाली असती. तेव्हा वाटलं, एका खोट्यानं माणूस वाचतं तर बोलावं. आता वाटतं, मला तुझ्यावर विश्वास ठेवता आला नाही. तू ऐकून घेशील, विचार करशील, हे मी धरलंच नाही. लहान पोराला फसवून औषध पाजतात तसं केलं.

तांब्या माझ्यामुळं पडला नाही. पण मी खोटं बोलले नसते तर तू तिथं तांब्या घेऊन उभीच राहिली नसतीस. हे दोन्ही खरं आहे आणि मला ते एकमेकांपासून सोडवता येत नाही.

मला मनापासून वाईट वाटतंय. झोप लागत नाही. तू गोळी चालू केलीस तर मी हे काम सोडते. शिकवायची नोकरी बेळगावातही मिळेल, रोज घरी येता येईल. एका ओळीचं उत्तर पाठव.

प्रणिता

*

निपाणी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रणिता,

गोळी चालू केली. तुझ्यासाठी न्हाई. बाळगोंडा अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या माझ्या खाटेशी बसून हुंदकं देऊन रडला. तो तुझी आई गेली तवाबी असा रडला न्हवता.

महाराजांकडं गेले. सगळं सांगितलं, तुझी पत्रं वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, देह हाय तवर त्याला औषध द्यावं. मला प्रायश्चित्त म्हणून जप सांगितला. चौका बंद करा असं ते म्हणाले न्हाईत. सभेत उभी राहून मी म्हणलं, मागं मी बोलले ते खरं न्हवतं, उंदीर मरत्यात. कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत, कुणी उठूनबी गेलं न्हाई. अंबुबाई दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी आली आणि माझं पाणी तिनंच गाळलं.

चौका मी परत लावणार न्हाई. ते माझं मी ठरवलंय. ह्या गोळीनं हात थिर ऱ्हातोय, तांब्या आता पडायचा न्हाई. पण त्या थिर हातानं घास देताना 'शुद्ध हाय' हे माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई. जगायला गोळी लागती, ती मी खाते. आन् जे सोडायचं ते सोडते. मला एवढंच जमतंय.

काम सोडायचा सौदा मला घालू नको. मी गोळी खाल्ली म्हणून तू सोडलंस, तर उद्या माझा पाय अडला की परत धरशील. माझ्यासाठी सोडू नको आणि माझ्यासाठी धरूबी नको. त्याचं पाप-पुण्य तुझं तू बघ, बत्तीस वर्षांची झालीस.

क्षमावाणीची, क्षमा मागायची, पत्रं औंदा उशिरा टाकली, पण दरवर्षीसारखी सगळ्यांना टाकली. अंबुबाईला, तुझ्या मामाकडच्यांना, पोस्टमनलासुदिक. तुला टाकलं न्हाई. अजून टाकवत न्हाई. मनात आलं की टाकीन, उगी रीत म्हणून टाकायचं न्हाई.

एक इचारायचंय. डॉक्टरला इचारलं न्हाई, त्यानं माझं मन राखून सांगितलं असतं. त्यांना दुखतंय का गं? तुला जे दिसतंय ते लिही.

आत्ती

*

बेंगळूरू
१६ ऑक्टोबर २०२५

आत्ती,

हो, दुखतं.

शेवटी भूल असते, तेव्हा काही कळत नसावं. दिवा बसवल्यावरचा पहिला दिवस वाईट. वेदना कमी करायचं औषध देतो, तरी पोक काढून कोपऱ्यात बसतात. डोळे बारीक करतात, कान मागं पाडतात. आम्ही त्या चेहऱ्याला आकडा देतो. शून्य म्हणजे बरा, एक म्हणजे थोडं दुखतंय, दोन म्हणजे फार. दोन आला आणि औषधानंही उतरला नाही तर त्या उंदराला पुढं ठेवायचं नाही, तिथंच संपवायचं, असा नियम आहे. म्हणजे त्याचे सगळे महिने फुकट.

मी वहीत बहुतेकांच्या पुढं एक लिहिलाय. त्यातल्या नऊ जणांच्या पुढं दोन लिहायला हवा होता. मला तेव्हाही दिसत होतं. मी एक लिहिला आणि त्यांना आणखी तीन-तीन महिने ठेवलं.

हे आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना माहीत नाही, आप्पाला नाही, कुणालाच नाही. सोमवारी वही घेऊन मॅडमकडं जाणार आहे. त्यानंतर मला इथं ठेवतील की नाही, सांगता येत नाही. पण तू विचारलंस, म्हणून आधी तुला लिहिलं.

प्रणिता